फादर-सिस्टरांच्या शाळेत गावाची खुर्ची

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तालयाने समूह शाळांचे प्रस्ताव मागवले, तेव्हा वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचा हिशेब सगळ्यांपुढे आला. अशा शाळा १४,७८३, त्यांत मुले १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७. भागाकार केला तर शाळेमागे साडेबारा मुले आणि दोन गुरुजी. तोरणमाळ आणि पानशेतच्या धर्तीवर ही मुले एका मोठ्या, सोयीच्या शाळेत आणावीत, असा तो विचार होता. कोल्हापूर जिल्ह्यात या विचाराचा अर्थ शिरोळ-हातकणंगल्यात एक होतो आणि चंदगड, आजरा, शाहूवाडी, गगनबावड्यात दुसरा. सपाटीवरचे तीन किलोमीटर सायकलीने सहज जातात. जुलैत ओढा आडवा आला आणि रानातून गवा वाटेवर उतरला, की डोंगरातल्या धनगरवाड्यावरच्या सात वर्षांच्या मुलीला तेवढ्याच अंतराची शाळा आठवडाभर बंद होते. या वादात बाजू घेणाऱ्यांनी भरपूर लिहिले. मात्र लहान शाळेचा एक प्रकार त्यात कुणाच्या ध्यानात आला नाही, तो म्हणजे चर्चच्या, लोकांच्या बोलण्यात फादर-सिस्टरांच्या, गावाकडच्या प्राथमिक शाळा. समूह शाळेची टांगती तलवार त्यांच्यावर नाही. पण लहान शाळा नेमकी कशावर जगते, याचे बरेचसे उत्तर तिथे मिळते, आणि ते उत्तर अर्धवट का राहते हेही तिथेच दिसते.

कोल्हापूर शहरात ‘मिशन’ म्हटले की जुन्या माणसांना अमेरिकन प्रेस्बिटेरियन आठवतात. रॉयल वाइल्डर इथे १८५२ मध्ये आले, त्यांची परंपरा वेगळी. कॅथलिक वस्ती जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, आजरा-चंदगडच्या बाजूला. घरात कोकणी, बाजारात मराठी बोलणारी, मूळ गोव्याकडची ही कुटुंबे. २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा निघाला आणि कोल्हापूर जिल्हा त्यात गेला. संख्येने हा समाज इतका थोडा, की त्याच्या शाळेत केवळ त्याचीच मुले बसवायची ठरवली तर एक वर्गही धड भरायचा नाही. साहजिकच बाके भरतात ती गावच्या हिंदू-मुस्लिम घरांतल्या मुलांनी. देशभरचे चित्रही असेच आहे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ मध्ये अल्पसंख्याक शाळांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ख्रिस्ती व्यवस्थापनाच्या शाळांमधली सुमारे ७४ टक्के मुले ख्रिस्ती नसल्याचे दिसले. तेव्हा अशा शाळेचा समाज म्हणजे केवळ चर्चला जाणारा समाज नव्हे. नाताळच्या गोठ्यासाठी ज्या घरातून गवताची पेंढी येते, त्या घरात भाद्रपदात गणपतीही बसतो. शाळेचा समाज म्हणायचा तो हाच.

या समाजाचा अभ्यासात काही उपयोग होतो का, की तो नुसता स्नेहसंमेलनापुरता? या प्रश्नावर अमेरिकेत पुष्कळ काम झाले आहे. जेम्स कोलमन आणि थॉमस हॉफर या समाजशास्त्रज्ञांनी १९८७ च्या त्यांच्या ग्रंथात माध्यमिक शाळांतल्या गळतीचे आकडे मांडले. दहावीनंतर शाळा सोडणारी मुले सरकारी शाळांत १४ टक्क्यांच्या आसपास, कॅथलिक शाळांत साडेतीनच्या आत. इथपर्यंतचा फरक फी भरणारे पालक आणि कडक शिस्त यांनी समजावून देता येतो. पण इतर खासगी शाळांत, जिथे फीही होती आणि शिस्तही, गळती सुमारे १२ टक्के होती. कोलमन यांनी काढलेला निष्कर्ष असा की कॅथलिक शाळांमागे एकमेकांना ओळखणाऱ्या मोठ्या माणसांचे जाळे असते. मुलाचे मित्र कोण, त्या मित्रांचे आईबाप कोण, हे घरच्यांना ठाऊक असते. मूल दोन दिवस दिसले नाही तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारते. या निष्कर्षावर टीकाही झाली: कॅथलिक शाळा निवडणारे पालक मुळातच जागरूक असतील, मग श्रेय शाळेचे कसे? टीका रास्त होती. तिला उत्तर देण्याचा एक प्रयत्न मार्गारेट ब्रिनिग आणि निकोल गार्नेट यांनी २०१४ मध्ये शिकागोचा अभ्यास करून केला. त्यांनी मुलांच्या गुणांऐवजी शाळा बंद पडल्यावर त्या वस्तीचे काय होते ते पाहिले. वस्तीतला एकोपा कमी झाला आणि अव्यवस्था वाढली. ही शहरे आपली नाहीत आणि त्या शाळाही प्राथमिकपुरत्या नाहीत. तरी शाळेचे भोवतालच्या माणसांशी नाते हा शिक्षणाचाच भाग आहे, एवढे त्यावरून म्हणता येते.

आकाराबद्दलही एक जुना, चांगला पुरावा आहे. रॉजर बार्कर आणि पॉल गम्प यांनी १९६४ मध्ये कॅन्सस राज्यातल्या लहान-मोठ्या शाळांची तुलना केली. मोठ्या शाळेत उपक्रम जास्त होते, पण मुलामागे प्रत्यक्ष सहभाग लहान शाळेत जास्त होता. कारण सरळ आहे. चारशे मुलांच्या शाळेत नाटकासाठी निवड होते, चाळीस मुलांच्या शाळेत नाटक उभे राहण्यासाठी प्रत्येकाला रंगमंचावर यावेच लागते. जे मूल मोठ्या शाळेत दहा वर्षे प्रेक्षकांत बसले असते, त्याच्या वाट्याला इथे निदान दोन वाक्ये येतात. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या पट्ट्यात येऊन परतणाऱ्या कुटुंबांतली मुले आणि बाप मुंबई-पुण्याला म्हणून आजीकडे राहणारी आजरा-चंदगडची मुले यांच्यासाठी ही दोन वाक्ये लहानसहान गोष्ट नव्हे.

आता अडचणीची बाजू. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. जिल्हा परिषदेच्या शाळेत ही समिती असते. ती किती ठिकाणी खरोखर बसते आणि किती ठिकाणी ठरावाच्या वहीवर सह्या घरी जाऊन घेतल्या जातात, हे गावागावांत सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे तिथे खुर्ची आहे आणि माणूस पुष्कळदा नाही. चर्चच्या शाळेत नेमके उलटे. २०१२ च्या दुरुस्तीने अल्पसंख्याक शाळांतली ही समिती फक्त सल्लागार ठरली, आणि ६ मे २०१४ च्या ‘प्रमती’ निकालाने सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना हा कायदाच लागू नाही असे ठरवले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाबद्दल शंका घेऊन तो मोठ्या पीठापुढे जावा असे म्हटले. त्याचे जे व्हायचे ते होईल. सध्या स्थिती अशी की जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाच्या आईला शाळेचा हिशेब विचारण्याचा कायदेशीर अधिकार आहे, पण तिनेच आपले मूल सिस्टरांच्या शाळेत घातले की ती पाहुणी होते. तिला मान मिळतो, चहा मिळतो, स्नेहसंमेलनाला पुढच्या रांगेत जागा मिळते. शाळा चालू ठेवायची की बंद करायची, माध्यम बदलायचे का, पाचवीचा वर्ग काढायचा का, हे ठरते तेव्हा ती तिथे नसते. फी ठरवताना पालक-शिक्षक संघ लागतो, पण त्याची नजर फीपलीकडे क्वचितच जाते. ज्या शाळेचा सगळा जोर भोवतालच्या माणसांवर आहे, तिने त्या माणसांना निर्णयाबाहेर ठेवावे, ही विसंगती आहे. ती चर्चने आपणहून दूर करावी, असे माझे म्हणणे आहे.

यावर पहिला आक्षेप चर्चच्या बाजूनेच येईल. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या संस्था चालवण्याचा अधिकार दिला आहे. आज पालकांना खुर्ची दिली तर उद्या कुणी संस्थाच बळकावेल. सध्याचे वातावरण पाहता ही भीती निराधार म्हणता येणार नाही. पण कलम ३० हे सरकारी हस्तक्षेपापासूनचे संरक्षण आहे, स्वतःच्या विद्यार्थ्यांच्या आईबापांपासूनचे नव्हे. समितीत बहुमत संस्थेचेच राहू शकते. नेमणुका, धर्मशिक्षण आणि मालमत्ता हे विषय तिच्या कक्षेबाहेर ठेवता येतात. आणि व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर धर्मांतराची कुजबुज एखाद्या गावात सुरू होते, तेव्हा फादरांच्या खुलाशाला कुणी विचारत नाही. शाळेचे वेळापत्रक आणि खर्चाची वही स्वतः पाहिलेला शेजारचा शेतकरी चावडीवर बोलला, तर त्याला किंमत असते. त्या शेतकऱ्याला वही दाखवण्यात संस्थेचे हितच आहे.

दुसरा आक्षेप शिक्षणतज्ज्ञांचा आणि तो जास्त वजनदार आहे. एका शिक्षकापुढे तीन इयत्ता बसल्या तर शिकणे कसे व्हायचे? सोबत खेळायला समवयस्कच नसतील तर एकोपा कसला? खरे आहे. सहा मुलांची शाळा केवळ भावनेपोटी चालवण्याचे समर्थन मी करणार नाही. पावसाळ्यातही पायी गाठता येईल अशी दुसरी शाळा जवळ असेल, तर ती सहा मुले तिथेच बरी, मग ती शाळा जिल्हा परिषदेची असो की चर्चची. पण तीस-चाळीस मुलांची, दोन शिक्षकांची शाळा ही ‘लहान’ म्हणून हिणवण्याची गोष्ट नाही. कोल्हापूरकरांनी तर ते मुळीच करू नये. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, तेव्हा पहिल्या वर्षी शाळा निघाल्या २७ आणि मुले होती १,२९६. १९२१-२२ पर्यंत शाळा ४२० आणि मुले २२,००७ झाली. दोन्ही वर्षी शाळेमागे सरासरी पन्नासच्या आसपास मुले भरतात. चावडीत, देवळात, धर्मशाळेत भरलेल्या या शाळांवर या जिल्ह्याच्या साक्षरतेची पायाभरणी झाली. मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता, हे आपण कौतुकाने सांगतो. शाळा पालकाच्या अंगणापर्यंत नेली होती म्हणून तो दंड न्याय्य होता, हे सांगायचे राहून जाते. वसतिगृहांच्या बाबतीतही महाराजांची रीत पाहण्यासारखी आहे. १९०१ पासून मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा एकेका समाजासाठी वसतिगृह निघत गेले, १९१५ मध्ये इंडियन ख्रिश्चन वसतिगृहही. जागा आणि पैसा दरबाराने द्यायचा, पण चालवायला त्या त्या समाजाची माणसे उभी करायची. जातवार वसतिगृहांवर तेव्हाही टीका झाली आणि तिच्यात तथ्य होते. तरी पाठीशी माणसे नसलेली संस्था सरकारी अनुदानावर फार दिवस उभी राहत नाही, ही त्यांची जाण अचूक होती.

तिसरी गोष्ट आक्षेपापेक्षा वस्तुस्थिती आहे: पालकांनाच इंग्रजी हवे आहे. सकाळी साडेसातला वाडीवर पिवळी व्हॅन येते आणि मुले तालुक्याला जातात. या पालकांना दोष देणाऱ्यांची स्वतःची नातवंडे बहुधा कुठल्या माध्यमात असतात, ते सर्वांना ठाऊक आहे. पण व्हॅनने मूल गेले की गावातल्या शाळेचा पट घटतो. मग शाळा कशी चालली आहे हे विचारणारा बोलका पालकही तिच्यापासून तुटतो, आणि हा तोटा पटापेक्षा मोठा. इथे चर्चच्या हाती एक गोष्ट आहे, जी जिल्हा परिषदेकडे नाही. चांगले इंग्रजी शिकवण्याची तिची परंपरा सर्वमान्य आहे. ती शहरातल्या, फी परवडणाऱ्या घरांसाठी राबवायची की चंदगडच्या वाडीवर, हा अग्रक्रमाचा प्रश्न आहे. आयोगाच्या त्याच २०२१ च्या अभ्यासात अल्पसंख्याक शाळांमध्ये सामाजिक-आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतली मुले अवघी ८.७६ टक्के निघाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऑक्टोबर १९६५ मध्ये शिक्षणावरच्या जाहीरनाम्यात गरिबांकडे विशेष लक्ष द्यावे असे सांगितले होते. त्यापुढे हा आकडा ठेवला की चर्चमधल्या विचारी माणसांनाही अवघडल्यासारखे होईल. आणि मराठी माध्यम म्हणजे मागासपण, असे मानणाऱ्यांनी वसईतल्या नंदाखालकडे पाहावे. तिथल्या चर्चच्या मराठी शाळेत शिकलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. माध्यम मराठी ठेवून इंग्रजी विषय पहिलीपासून उत्तम शिकवणे हे गावातल्या शाळेला जमण्याजोगे काम आहे. त्यासाठी दोन चांगल्या शिक्षिका लागतात, आलिशान इमारत लागत नाही.

खर्चाचे काय, असे कुणी विचारेल. चर्चच्या लहान शाळा बहुधा मोठ्या शाळांच्या शिलकीवर किंवा देणगीवर तगतात. ती आटली की एखाद्या मे महिन्यात अचानक दाखले हातात पडतात. गावाला आधी कळले असते, तर वर्गणी, ग्रामपंचायतीची खोली, आमदार निधी, परगावी नोकरीला गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची मदत, असे काहीतरी हलले असते. निदान हलवण्याची संधी मिळाली असती. म्हणून सिंधुदुर्ग धर्मप्रांताने कायद्याची वाट न पाहता आपल्या गावाकडच्या प्राथमिक शाळांसाठी एक साधा नियम करावा. प्रत्येक शाळेला पालकांची समिती, तीत निम्म्या आया आणि सर्व धर्मांच्या घरांना जागा. वर्षातून दोनदा जमाखर्च या समितीपुढे मराठीत वाचून दाखवावा. शाळा बंद करायची असेल, माध्यम किंवा वर्ग बदलायचा असेल, तर किमान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष आधी तसे लेखी कळवावे, आणि समितीचे म्हणणे विरोधात असले तरी ते इतिवृत्तात जसेच्या तसे नोंदवावे. जिल्हा परिषदेनेही समूह शाळेच्या प्रत्येक प्रस्तावासोबत त्या त्या शाळेच्या समितीचे असेच इतिवृत्त जोडण्याची अट घालावी, आणि ती बैठक भर पावसाळ्यात, त्याच वाडीवर घ्यावी.