मळ्यावरच्या इमारतींचीही नोंद व्हावी



ऊस लागणीची नोंद घेताना आम्ही गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख, पाण्याची सोय असं सगळं लिहून घेतो. दहा गुंठ्यांचा तुकडासुद्धा सुटत नाही. पण त्याच शेताच्या कडेला जुनी दगडी इमारत उभी असेल, तर तिच्यासाठी आमच्या रजिस्टरात रकाना नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका जुन्या मळ्यावर गेलो, तर तिथला बैलांचा गोठा जागेवर नव्हता. दगड ट्रॉलीने गेले, सागवान विकलं गेलं. गव्हाणी किती होत्या म्हणून विचारलं, तर तिघांनी तीन आकडे सांगितले. मी स्वतः चार-पाच वर्षं त्या गोठ्याच्या सावलीत बसून डबा खाल्ला, पण टेप कधी लावली नाही. ही चूक माझीच.

हे मळे काही कुणाचे वतनी वाडे नव्हेत. भंडारदरा धरण १९२६ साली पुरं झालं. प्रवरेच्या कालव्यांखाली खाजगी साखर कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन शेकडो एकरांचे मळे उठवले. हरेगाव, टिळकनगर ही त्यातली नावं सर्वांच्या ओळखीची. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर १९६३ साली शेती महामंडळ आलं. २०१२ पासून खंडकऱ्यांना जमिनी परत मिळू लागल्या, आणि ते न्यायाचंच झालं. जमिनीची मोजणी झाली, हद्दीचे दगड रोवले गेले. पण शिवारातली गोदामं, गोठे, चाळी कुणाच्या हिशेबात राहिल्या नाहीत.

“साहेबाच्या बंगल्याचं कौतुक आपल्याला कशाला?” असं एका सभासदाने मला तोंडावर विचारलं. प्रश्न रास्त आहे. बंगल्याचे फोटो कुणीही काढील. माझं म्हणणं चाळीचं आहे. एकाच कागदावर, एकाच मापाने, बंगला आणि कामगारांची चाळ शेजारी शेजारी काढा. मॅनेजरच्या एका व्हरांड्यात किती कुटुंबांच्या खोल्या बसतात ते आपोआप दिसेल, त्यासाठी भाषण नको.

दुसरी शंका मालकांची. नोंद झाली की सरकार पाडू देणार नाही, असं काहींना वाटतं. तसं नाही. ज्याची जागा, त्याला विचारूनच आत जायचं. पाडायचीच असेल तर पाडा, पण आठ दिवस आधी सांगा, एवढीच विनंती.

खर्च फारसा नाही. तीस मीटरची टेप, ओळंबा, पुठ्ठा, पेन्सिल आणि खिशातला मोबाईल. खोलीची लांबी-रुंदी घेतली की दोन्ही कर्णही मोजावेत, कारण जुनी भिंत काटकोनात असेलच असं नाही. भिंतीची जाडी आणि जोडकाम चुन्यातलं की मातीतलं हे लिहावं. कौल उलटं करून शिक्का पाहावा. मात्र शिक्क्यावरून इमारतीचं वय ठरवू नये, कौलं मागाहूनही बदलतात. ऊस वाहणाऱ्या छोट्या ट्रॉली-लाइनचे रूळ कुठे दारावर, कुठे छपराला टाकलेले सापडतील, तेही टिपावेत. फोटोत मापाची काठी धरावी. आणि सगळं जागेवरच लिहावं. घरी जाऊन लिहू म्हटलं की राहिलंच, हा आमच्या खात्याचा जुना अनुभव!

स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली जातात हे खरं, पण ड्रोनला छप्पर दिसतं. चूल कुठे होती, कोणत्या खोलीत कोण राहत होतं, हे म्हाताऱ्या माणसांनाच विचारावं लागतं. त्यांची संख्या दर हंगामाला घटते आहे.

म्हणून सुचवतो की गाळप संपल्यावर प्रत्येक गट ऑफिसने चिटबॉयबरोबर निदान एक इमारत मोजावी आणि नकाशाची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी. सुरुवात मी माझ्याच गटातून करतो आहे. तिथल्या चाळीच्या सात खोल्या उभ्या आहेत. शेवटच्या खोलीतल्या आजीबाईंनी निरोप धाडलाय, “साहेब, पावसाच्या आधी या, मागची भिंत आता धरत न्हाई.”

— ऊस विकास अधिकारी