सुटं चित्र घेण्याआधी थांबा

दक्षिण अमेरिकेतल्या लोकांची आणि त्यांच्या पेहरावांची जुनी रंगीत चित्रं हल्ली घरबसल्या विकत मिळतात. छान फ्रेम केलेली, खिशाला परवडतील अशीही. पैसे भरण्याआधी जरा थांबा.

अशी पानं बहुधा पुस्तकातून कापलेली असतात. एमेरिक विडालचंच पुस्तक घ्या. हा इंग्रज आरमारात जहाजाचा हिशेब बघायचा. त्यानं ब्वेनोस आयरेस आणि मोन्तेविदेओ इथली चित्रं काढली. लंडनच्या आकरमन या प्रकाशकानं ती १८२० मध्ये छापली. एकूण २४ चित्रं. घोड्यावरून दूध विकणारी पोरं, उंच चाकांची पाण्याची बैलगाडी, आणि चक्क घोड्यावर बसून भीक मागणारा भिकारी!

अख्ख्या पुस्तकापेक्षा २४ फ्रेमा विकल्या तर व्यापाऱ्याला जास्त सुटतात. म्हणून पुस्तकं फाडली जातात. तुम्ही सुटं पान घेतलंत की पुढचं पुस्तक फाडायला त्याला हुरूप येतो.

अख्खं पुस्तक समोर आलं तर आधी चित्रं मोजा. यादी असेल तर तिच्याशी ताडून पाहा. शिवणीजवळ कापलेल्या कागदाची पट्टी लागते का, ते बोटानं चाचपा. चित्रासमोरच्या पानावर वर्षानुवर्षं दाबून पुसटशी सावली उमटते. सावली आहे आणि चित्र नाही, म्हणजे काय झालं ते कळलंच.

मग रंग. भिंग घ्या. एकसारखे बारीक ठिपके रांगेत दिसले तर ती अलीकडची छपाई. विडालच्या काळी तांब्याच्या पत्र्यावरून एक-दोन शायांत चित्र छापायचे आणि बाकीचे रंग माणसं कुंचल्यानं भरायची. त्यामुळे रंग कुठे रेषेबाहेर जातो, कुठे फिका पडतो. तो दोष नव्हे. पण रंग जुन्या तांबूस डागावरून गेलेला दिसला तर सावध व्हा. डाग आधीचा, रंग नंतरचा. काळंपांढरं चित्र रंगवून महाग विकणारे असतात.

घरात असं पुस्तक आधीच असेल तर त्याला पाणी लावू नका. ते जलरंग आहेत, वाहून जातील. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर नकोच. मोठं पुस्तक आडवं ठेवा. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब ठेवा, उन्हातही नको. डांबराच्या गोळ्या पानांत घालू नका. आणि बोटाला थुंकी लावून पान उलटणारं कुणी घरात असेल, तर त्यांना आधीच प्रेमानं सांगा.

मुलांना दाखवताना नुसते कपडे दाखवू नका. ज्याँ बातिस्त देब्रेचं ब्राझीलवरचं पुस्तक १८३४ ते १८३९ मध्ये तीन खंडांत निघालं. त्यातल्या एका चित्रात टेबलावर जेवण चाललंय. मालकीण एका उघड्या, चिमुकल्या मुलाला घास देते आहे. ते गुलामाचं मूल. ब्राझीलमध्ये गुलामांच्या पायात सहसा पादत्राणं नसत. म्हणून मुलांना आधी पाय बघायला सांगा. तिथली गुलामगिरी १८८८ मध्ये संपली.

देब्रेचे खंड साओ पावलो विद्यापीठाच्या ब्राझिलियाना ग्रंथालयानं इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. विकत घ्यायचं ठरेपर्यंत ते चाळा. देब्रेचं म्हणून कुणी पान विकायला आणलं, तर या खंडांशी ताडूनही बघता येईल.