विचारायचं ते त्यालाच विचारा

ऑफिसात कुणीतरी टेबलाशी वाकून हळूच सांगतं, "काल तुमच्याबद्दल साहेबांकडे बोलणं झालं हो." त्या क्षणापासून कामात लक्ष लागत नाही, दुपारचा डबा गोड लागत नाही, रात्री घरीही तेच डोक्यात घोळतं. माझी कळकळीची विनंती आहे: अशा वेळी दोन दिवसांच्या आत त्या माणसाला एकटं गाठा आणि जे विचारायचं ते त्यालाच विचारा.

रत्नागिरीत एका कचेरीत मी आवक-जावक टेबलावर होतो. गावाकडची शेवटची एसटी धरायला मी रोज वीस मिनिटं आधी उठायचो. पावसाळ्यात ती चुकली की रात्र स्टँडवरच. एकदा शिपायाने कानावर घातलं, की शेजारच्या टेबलावरचे अण्णा साहेबांना म्हणाले, याला ऑफिसचं घड्याळ लागू नाही. मी आठ दिवस धुमसत राहिलो. नुसता धुमसलो असतो तर ठीक, पण चहाच्या टपरीवर मीही अण्णांची उणीदुणी काढायला लागलो. आज त्याचीच जास्त लाज वाटते.

मग एका दुपारी वीज गेली. सगळे बाहेर आले. पडवीच्या टोकाला, पागोळ्यांच्या आवाजात, मी विचारलं, "अण्णा, मी लवकर निघतो असं तुम्ही साहेबांना म्हणालात असं ऐकलं. खरं का?" ते जरा गडबडले. मग म्हणाले, "म्हटलं. तू गेलास की टपालवाली माणसं माझ्या टेबलाशी येतात. त्यांच्या पोचा मी देतो. तुला कधी दिसलं?"

नव्हतं दिसलं. दुसऱ्या दिवशी मी अर्ज दिला, सकाळी अर्धा तास आधी येतो, संध्याकाळी तेवढी सवलत द्या. ती मिळाली. अण्णांची नि माझी गळामिठी वगैरे काही झाली नाही. पण नंतर त्यांना जे खुपलं ते त्यांनी मला तोंडावर सांगितलं.

मागे बोलणारा प्रत्येकजण कपटी नसतो. आपल्याकडे ऑफिसातला माणूस परका कुठे असतो? त्याची बायको तुमच्या बहिणीची शेजारीण, शिमग्यात पालखीला खांदा द्यायला दोघं एकाच वाडीत. समोर बोलून वाकडं कशाला घ्या, म्हणून तो मागे बोलतो. त्याला समोर बोलायची वाट तुम्हीच करून द्यायची.

याच रत्नागिरीत 1856 साली जन्मलेले टिळक आणि त्यांचे सहकारी आगरकर यांचं उदाहरण मला फार मोठं वाटतं. 1882 साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र काढले. पुढे पटेनासं झालं. पण आगरकरांनी 'केसरी' सोडून 1888 साली 'सुधारक' काढला आणि दोघं छापील अक्षरांत, सगळ्यांसमोर भांडले. 1890 साली टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली, तीही लांबलचक राजीनाम्यात आपली कारणं मांडून. 1895 साली आगरकर गेले, तेव्हा 'केसरी'तला मृत्युलेख टिळकांनीच लिहिला.

विचारताना एकच गोष्ट विचारा, सगळा जुना हिशेब काढू नका. कुणी सांगितलं ते नाव घेऊ नका. टिळक-आगरकरांचा वाद जाहीर विचारांचा होता, आपला खासगी आहे; म्हणून चारचौघांत नको, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर तर मुळीच नको. तो नाही म्हणाला तर वाद घालू नका. "बरं झालं. पण माझं काही चुकलं तर आधी मला सांगा," एवढं म्हणून उठा. त्याला काय कळायचं ते कळतं.

तरीही थांबला नाही, तर वहीत तारीखवार लिहून ठेवा आणि दोघांना समोरासमोर बसवा असं साहेबांना सांगा. सरकारी नोकरीत या कुजबुजीचा शेवट गोपनीय अहवालात होऊ शकतो. देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली स्पष्ट केलं आहे, की अहवालातली प्रत्येक नोंद, बरी असो की वाईट, कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. ती लेखी मागा.

आणि बाईमाणसाबद्दल लैंगिक शेरेबाजी चालली असेल, तर तिने एकटीने जाऊन समजूत घालत बसू नये. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसांच्या ऑफिसात अंतर्गत समिती असावी लागते, त्याहून लहान ठिकाणासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार लेखी, तीन महिन्यांच्या आत द्यावी. सहकाऱ्यांनी तिच्या बाजूने उभं राहावं.

निरोप आणणाऱ्यालाही एक विचारा, "हे तो बोलत होता तेव्हा तुम्ही काय म्हणालात?" आणि उद्या अकराच्या चहाला तुमचे अण्णा उठतील, तेव्हा तुम्हीही उठा.