रकाना आमचा, लेखणी त्यांची!



भाषिक राज्याची लढाई मैदानात होते, तुरुंगात होते. पण तिचा निकाल पुष्कळदा लागतो तो खानेसुमारीच्या एका रकान्यात. त्या रकान्याचे नाव ‘मातृभाषा’. त्यात काय लिहिले जाते आणि लिहिलेल्याचे पुढे काय होते, यावर डोळा ठेवणे हे आमच्या चळवळीचेच काम आहे.

मागचे आठवा. मुंबईचा प्रश्न निघाला की दिल्लीकर बोट दाखवीत ते आकड्यांकडे : मुंबईत मराठी बोलणारे निम्म्याहून कमी! त्याच शहरात मराठीएवढी मोठी दुसरी भाषा नाही, हेही खानेसुमारीच सांगत होती. पण ते पान उलटायला कुणाला सवड होती? मुंबई मिळाली ती १ मे १९६० ला, हुतात्म्यांच्या रक्ताने.

आता सीमाभाग घ्या. १९५६ साली चंदगड तालुका मराठी म्हणून बेळगाव जिल्ह्यातून काढला आणि मुंबई राज्यातच ठेवला. म्हणजे आकडे पाहून जिल्हा तोडता येतो, हे सरकारलाच मान्य! मग तेच माप बेळगाव, खानापूर, निपाणीच्या दारात आल्यावर का मोडले? आंध्र-मद्रासच्या तंट्यात १९५७ साली पाटसकरांनी गाव हा घटक धरला, भाषिक बहुमत आणि सलगता पाहिली. १९५९ साली तसा कायदाही झाला. तेलुगू-तमिळ गावांना जो न्याय, तो मराठी गावांना का नको? १९६७ साली महाजन कमिशनने बेळगाव कर्नाटकाच्याच पदरात टाकले. २००४ साली महाराष्ट्राला सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.

आणि गंमत बघा! आम्ही गाव घटक मागतो. प्रगणक गावोगाव, घरोघर फिरून भाषा विचारतो. पण २०११ चे मातृभाषेचे तक्ते छापून आले ते तालुक्यापर्यंत आणि शहरापर्यंत. गाव गेले कुठे? मोजायचे गावात आणि झाकायचे तालुक्यात, असला हा हिशेब!

लिहिलेले तसेच राहते म्हणाल, तर तेही नाही. २०११ साली लोकांनी सांगितलेल्या भाषानामांची संख्या १९,५६९ होती. कचेरीत चाळणी लागली आणि उरल्या १,३६९ मातृभाषा. त्यांची गाठोडी बांधून भाषा झाल्या १२१. ‘हिंदी’ नावाच्या एकाच गाठोड्यात पन्नासांहून अधिक मातृभाषा. त्यात पाच कोटींची भोजपुरीसुद्धा! गाठोडे बांधणारा आपल्या सोयीने बांधतो, हे लक्षात ठेवा.

पण दोष सगळा कचेरीचाच, असेही नाही. १९५१ साली पंजाबात घरी पंजाबी बोलणाऱ्या पुष्कळांनी हट्टाने हिंदी लिहवली. तंटा इतका पेटला की सरकारने हिंदी, उर्दू, पंजाबी, पहाडी असे सगळेच आकडे एकत्र करून छापले. खोट्याने खऱ्याचाही पुरावा बुडाला! म्हणून आम्ही बजावून सांगतो : कानडी शेजाऱ्याला मराठी लिहवू नका. त्याचा आकडा त्याला लखलाभ. आमचा आम्हाला मिळालाच पाहिजे.

मातृभाषा म्हणजे काय? २०११ च्या सूचनेत साफ सांगितले आहे : लहानपणी आई आपल्याशी जी बोलली ती. शाळेची नव्हे, कचेरीची नव्हे, दुकानाच्या पाटीची नव्हे. मुलगा कानडी शाळेत जातो म्हणून त्याची आई बदलत नाही! १९४८ च्या कायद्याने खरे उत्तर देणे तुम्हाला बंधनकारक आहे. तसेच जाणूनबुजून खोटी नोंद करणारा प्रगणकही शिक्षेला पात्र आहे. तो काही मेहेरबान नव्हे.

नव्या खानेसुमारीसाठी १ मार्च २०२७ ही तारीख १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने ठरली आहे. आता लेखणीच्या जागी मोबाईल आला आहे. यंत्र बदलले, तरी बोट माणसाचेच! म्हणून आमच्या मागण्या तीन :

१. नोंदवलेली मातृभाषा घरच्या माणसाला वाचून दाखवा.
२. मातृभाषेचे तक्ते गाववार छापा.
३. कोणती भाषा कोणत्या गाठोड्यात घातली, ते कारणासह जाहीर करा.

आणि मराठी मायबहिणींनो, प्रगणक दारात आला की बाप्यांची वाट पाहू नका. तुमचीच भाषा तो विचारतो आहे. ठणकावून सांगा, आणि काय नोंदवले ते वाचून घेतल्याशिवाय त्याला उंबऱ्यावरून हलू देऊ नका!

गाव हाच घटक झाला पाहिजे! झालाच पाहिजे!