खरंच का काळ वाईट आलाय?

परवा आमच्या बचत गटाची मासिक बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या, चहा आला. एरवी चहा आला की बायका मोकळ्या होतात. त्या दिवशी मात्र एक जण गप्पच. खोदून विचारलं तर म्हणाली, "ताई, पोरीचं कॉलेज बंद करतोय. घरात ठरलंय."

मी चाटच पडले. तिची मुलगी अकरावीला. हुशार पोर. गावाहून तालुक्याला एसटीनं जाते-येते.

"का गं, काय झालं?"

"झालं काहीच नाही. पण काळ फार वाईट आलाय हो. रोज टीव्हीला काय काय दाखवतात. मोबाइलवर तर बघवत नाही. उद्या काही झालं तर तोंड कुठं दाखवायचं? यांच्या आतेबहिणीनं एक स्थळ पण सुचवलंय."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. "खरंच बाई, पूर्वी असं नव्हतं."

घरी येईपर्यंत तेच वाक्य डोक्यात घोळत होतं. पूर्वी म्हणजे नेमकं कधी?

माझ्या आजीची नऊ बाळंतपणं झाली. हाती लागली चार मुलं. गेलेल्यांची गोष्ट ती इतक्या सहज सांगायची, जणू माठ फुटल्याचं सांगतेय. तिच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. आणि हीच आजी माझ्या आत्याला सायकलवर बघून कपाळाला हात लावायची, "कलियुग आलं गं बाई!" तिच्या सासूनंही तिच्या वेळी हेच म्हटलं असणार.

आता थोडे आकडे बघू. कंटाळू नका, हे आपल्याच घरातले आकडे आहेत. 1971 मध्ये आपल्या देशात जन्मलेल्या हजार बाळांपैकी 129 पहिला वाढदिवस बघत नव्हती. 2020 मध्ये ही संख्या 28 वर आली. 2001-03 च्या सुमारास एक लाख बाळंतपणांमागे 301 आया दगावत, 2018-20 मध्ये 97. देवीचा रोग 1975 नंतर देशात दिसला नाही. पोलिओचा शेवटचा रुग्ण 2011 मधला. अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण 2005-06 च्या पाहणीत शेकडा 47 होतं, 2019-21 च्या पाहणीत 23 झालं. हे आपोआप झालं नाही. लस टोचणाऱ्या नर्सबाई, दारोदार फिरणाऱ्या आशाताई, मुलीला शाळेत पाठवायचंच म्हणून हटून बसलेल्या आया, यांनी ते केलं.

मग सगळं आलबेल आहे का? मुळीच नाही. काही बाबतींत आपण खरोखरच मागे गेलो. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 1991 मध्ये 946 मुली होत्या. 2001 मध्ये 913 झाल्या, 2011 मध्ये 894. या वीस वर्षांत शिक्षण वाढलं, पैसा वाढला, घरोघरी टीव्ही आला, आणि मुली कमी झाल्या. गर्भलिंग तपासणीला बंदी घालणारा कायदा असताना झाल्या. आणि ऊसतोडीच्या कामात खाडा नको म्हणून तरण्या बायकांनी गर्भाशयं काढून घेतल्याच्या बातम्या 2019 मध्ये आपणच वाचल्या ना? म्हणून 'सगळं छान चाललंय' म्हणणाऱ्यांवरही माझा विश्वास नाही.

पण जेवढं वाईट वाटतं तेवढं सगळंच वाईट झालंय का? पूर्वी शेजारच्या तालुक्यातली बातमी यायला आठ दिवस लागायचे. आता हजार मैलांवरची घटना आपल्या चहाच्या कपाशेजारी येऊन पडते, आणि तीच ती दिवसभरात दहा वेळा. आज लाखो मुली एसटीनं कॉलेजला गेल्या आणि सुखरूप घरी आल्या, ही काही बातमी होत नाही.

दुसरं म्हणजे, पूर्वी असं नव्हतं की पूर्वी कुणी बोलत नव्हतं? 1972 मध्ये आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे 1983 मध्ये कायदा बदलला. घरातल्या मारहाणीविरुद्धचा कायदा तर 2005 चा. त्याआधी नवऱ्याचा मार ही 'घरातली गोष्ट' होती. आज तक्रारी वाढल्यात, त्यातल्या काही तोंडं उघडल्यामुळे वाढल्यात. आणि अजूनही मार खाणाऱ्या शंभर जणींपैकी मदत मागायला जातात फक्त चौदा, असं 2019-21 ची पाहणीच सांगते.

हा सगळा हिशेब मी का मांडतेय? कारण 'काळ वाईट आलाय' हे वाक्य फुकटचं नाही. त्याची किंमत कुणीतरी मोजतं. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागून जगणाऱ्या भटक्या जमातीची ती माणसं होती. टोळीबिळी काही नव्हती, मोबाइलवरून फिरलेली अफवा होती. भीतीनं माणसं मारली.

आणि आमच्या गटातल्या त्या पोरीचं कॉलेज? तेही भीतीच मारणार होती. महाराष्ट्रात 2019-21 च्या पाहणीतही शंभरातल्या बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. त्यातल्या कितीजणींच्या घरी आधी हेच वाक्य बोललं गेलं असेल!

दुसऱ्या दिवशी मी आणि गटातल्या दोघी तिच्या घरी गेलो. आईबापाशी नंतर बोललो, आधी पोरीलाच विचारलं, "तुला कशाची भीती वाटते गं?" तिनं तीन गोष्टी सांगितल्या. संध्याकाळची पाचची गाडी बऱ्याचदा येतच नाही. फाट्यावरचा दिवा बंद आहे. आणि तिथं दोन पोरं मोटरसायकल लावून बसलेली असतात.

बघा हं! 'जग वाईट आहे' यावर मी काय करणार? पण बंद दिवा, न येणारी गाडी आणि दोन पोरं, यांच्यावर नक्की काहीतरी करता येतं. गटाच्या सतरा बायकांच्या सह्यांचा अर्ज डेपोत दिला. ग्रामपंचायतीत दोन खेपा घातल्यावर दिवा लागला. पोरांच्या आयांना आम्हीच जाऊन भेटलो. त्यातली एक भांडली, दुसरी रडली. गाडी अजूनही आठवड्यातून एखाद्या दिवशी चुकते, तेव्हा गटातलं कुणीतरी फाट्यावर जाऊन थांबतं. स्थळाचं म्हणाल, तर त्यांना बारावीपर्यंत थांबा म्हणून कळवलंय. बारावीनंतर पुन्हा भांडावं लागणार, हे मला माहीत आहे.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या वेळी 'काळ वाईट आलाय' असं तोंडावर आलं, की पोरीला घरात कोंडण्याआधी तिलाच विचारा, नेमकं काय वाईट आहे ते. कुठे लहान वयात लग्न ठरतंय असं कळलं तर 1098 हा नंबर लक्षात ठेवा. आणि गावातला बंद दिवा कोणता, तेवढं आज संध्याकाळी जरा बघून या.