एका छपराखालची माणसं

क्लोद बेरी यांचा २००७ चा फ्रेंच चित्रपट ‘आँसांब्ल, से तू’ म्हणजे ‘एकत्र, बस्स!’ आम्हांला आवडला. पॅरिसमध्ये अडखळत बोलणारा खानदानी फिलिबेर आजारी कामीयला माळ्यावरच्या गार खोलीतून आपल्या मोठ्या घरात आणतो. ती साफसफाईची कामं करणारी पोरगी. तिथं राहणाऱ्या तापट आचारी फ्रांकशी तिचं मुळीच पटत नाही. पुढं वृद्धाश्रमात झुरणारी फ्रांकची आजी पोलेट या घरी येते अन् कामीय तिचं सगळं करते.

कोणी म्हणेल, गोष्ट फारच गोड. आमचं म्हणणं, हा गोडवा कष्टाचा आहे. आजी एकट्या फ्रांकची, पण काळजी तिघांना! नुसतं एका घरात राहून माणसं जवळ येत नाहीत. एकमेकांचं ओझं उचललं तरच येतात. चित्रपट जरूर पाहावा, आणि आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांपाशी घटकाभर बसावं.