विद्यापीठ उभारल्यावर खेड्यातली शाळा : अण्णासाहेब कर्वे यांचे उपेक्षित काम (थ्रेड)

महर्षी धोंडो केशव कर्वे म्हटले की हिंगणे आणि महिला विद्यापीठ एवढेच डोळ्यांपुढे येते. विद्यापीठ सुरू होऊन वीस वर्षे लोटल्यावर, १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

मंडळाचा हेतू साधा होता. ज्या खेड्यांत जिल्हा लोकल बोर्डाची शाळा नाही तेथे प्राथमिक शाळा काढावी, आणि गावातल्या प्रौढांची वाचनाची सवय सुटू नये. देशात तेव्हा शंभरातली नव्वदहून अधिक माणसे निरक्षर होती.

शाळा दूर असणे म्हणजे काय, हे अण्णासाहेबांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. मराठी सहावीच्या परीक्षेसाठी १८७५ साली ते कोकणातल्या मुरूडहून कुंभार्ली घाट चढून पायी साताऱ्याला गेले. तेथे ‘वयाने लहान दिसतोस’ म्हणून परीक्षेला बसूच दिले नाही!

पुढे १८९१ साली गोखल्यांच्या निमंत्रणावरून ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले. याच गोखल्यांनी १९११ साली प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. प्राध्यापकाने प्राथमिक शाळेची चिंता वाहणे त्या पिढीला कमीपणाचे वाटत नसे.

१९१६ च्या महिला विद्यापीठाकडेही याच बाजूने पाहावे, असे मला वाटते. पहिले कुलपती रा. गो. भांडारकर, पहिले कुलगुरू र. पु. परांजपे, अण्णासाहेबांनी स्वतःकडे ठेवली ती वर्गणीची वणवण. अध्यापन मातृभाषेतून. स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम म्हणजे दुय्यम शिक्षण, हा आक्षेप तेव्हाही होता आणि तो मला सर्वस्वी खोटा वाटत नाही. गृहिणी व माता या चौकटीतून अण्णासाहेबांचा विचार पूर्णपणे सुटला नव्हता. परंतु ज्या भाषेत मूल अक्षर गिरवते, तीच भाषा पदवीपर्यंत न्यायची, हा निर्णय त्या काळी कोणत्याही प्रतिष्ठित विद्यापीठाला झेपला नसता. त्याची किंमतही मोजावी लागली : वैधानिक मान्यतेसाठी १९५१ साल उजाडले.

म्हणूनच १९३६ चे काम हा निवृत्त माणसाचा विरंगुळा नव्हता. विद्यापीठ मातृभाषेचे करायचे, तर तिथवर पोचणारी वाट गावातूनच निघायला हवी. गावात शाळाच नसेल, तर ते विद्यापीठ शहरातल्या मोजक्या घरांचे राहणार, हे गणिताच्या प्राध्यापकाला कळत होते.

आता आजचे. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. शासनाची बाजू अगदीच पोकळ नाही; सहा मुले आणि एक शिक्षक असलेल्या वर्गात शिकवण्याच्या मर्यादा असतातच. मात्र बस मिळेल या भरवशावर वाडीवरची शाळा उठवली, तर शिक्षण प्रथम कोणाचे सुटते? धाकट्यांचे आणि मुलींचे. शिक्षक आणि पालक यांनी ही भीती बोलून दाखवली. विद्यापीठांच्या सर्वोच्च खुर्च्यांवरून याविषयी एखादा ठाम शब्द आलेला माझ्या तरी कानी नाही. त्यांतली एक खुर्ची अण्णासाहेबांनी उभारलेल्या विद्यापीठात आहे.